फाशी नसलेला गोवा आणि आपल्या निवेदनातील पहिली मागणी

वर्षावासातील ग्रंथवाचन मराठवाड्यातल्या विहारांना नवीन नाही. आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू होते ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. दिवसभराची मजुरी, घरकाम आटोपून, भाकरी-कालवण झाकून ठेवून उपासिका येतात. मुले सतरंजीवर पुढे बसतात. वंदना होते आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातील पुढचा भाग वाचला जातो. लातूरच्या अशाच एका विहारात आम्ही एका संध्याकाळी बसलो होतो. त्या दिवशी अंगुलिमालाचे प्रकरण आले होते. माणसे मारणारा तो दरोडेखोर, त्याच्यासमोर नि:शस्त्र उभे राहिलेले तथागत, गळून पडलेली तलवार आणि त्याला पकडायला सैन्य घेऊन निघालेला राजा पसेनदी. वाचन संपले तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्कर उपासिकेने विचारले, "दादा, एवढी माणसं मारणाऱ्याला तथागतानं जवळ केलं. मग आमच्या लेकराला मारणाऱ्यालाबी आम्ही माफ करायचं का?"

कोणी काही बोलले नाही. आमच्यापाशीही तयार उत्तर नव्हते. "पुढच्या रविवारी बोलू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या माउलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

तिच्या प्रश्नामागे काय आहे हे नांदेड-लातूरच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर साडेचार दशके लोटली. १ जून २०२३ रोजी नांदेड शहरालगतच्या बोंढार हवेली गावात आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. दर वेळी आपण रस्त्यावर येतो, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेतो, निवेदन देतो. त्या निवेदनातील पहिली ओळ ठरलेली असते: आरोपींना फाशी द्या.

ही ओळ आम्हीही लिहिली आहे. एकदा नव्हे, अनेकदा. म्हणूनच तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

शेजारच्या गोव्यात फाशी नव्हती

फाशी रद्द करणारे देश म्हटले की आपल्याला युरोपातील कुठलीतरी थंड राज्ये आठवतात. पण नांदेड-लातूरहून आपली पोरे जिथे सहलीला आणि बांधकामाच्या कामाला जातात, त्या गोव्यात १८७० पासून फाशी नव्हती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सावंतवाडीच्या अलीकडे इंग्रजांच्या अमलात माणूस फासावर जात होता. पलीकडे पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत तोच गुन्हा केला तर फाशी देता येत नव्हती.

याचे कारण गोवा ज्या पोर्तुगालच्या ताब्यात होता त्या देशाचा कायदा. पोर्तुगाल हा लहानसा देश, आपल्या महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहूनही लहान. आणि हा देश काही दयाळूपणासाठी प्रसिद्ध नव्हता. त्याने १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसवले, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात. त्यात दोषी ठरलेल्यांना चौकात जाळले जाई. हे न्यायालय कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा पिंटोंचा कट उघडकीस आला. पुढच्या वर्षी पणजीत पंधरा जणांना देहान्त शासन झाले आणि त्यांच्या देहांची विटंबना करण्यात आली. कटात धर्मगुरूही होते. त्यांना मात्र लिस्बनला पाठवण्यात आले. गुन्हा एकच, परंतु झगा पाहून शिक्षा वेगळी. मनुस्मृतीत अपराध्याचा वर्ण पाहून दंड ठरत असे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे नवल वाटू नये.

अशा देशात फाशी कशी गेली? ती एका दिवसात गेली नाही. पोर्तुगालमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या प्रत्येकाचा कागद राजाकडे जाई आणि राजाला दयेचा अधिकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा अधिकार इतक्या नेमाने वापरला जाऊ लागला की, १८४६ मध्ये लागोस या गावी झालेली फाशी ही साध्या गुन्ह्यासाठीची शेवटची फाशी ठरली. त्यानंतर न्यायाधीश शिक्षा लिहीत राहिले, पण दोर खाली आला नाही. १८५२ मध्ये राजकीय गुन्ह्यांसाठीची फाशी कायद्याने रद्द झाली. पुढे बार्जोना द फ्रेइतास नावाच्या न्यायमंत्र्याने विधेयक आणले आणि १ जुलै १८६७ रोजी राजा लुईस याच्या कारकिर्दीत सर्व नागरी गुन्ह्यांसाठी फाशी बंद झाली. तोवर एकवीस वर्षे देश फाशीशिवाय चाललाच होता. त्याचे काही बिघडले नव्हते. कायद्याने फक्त या अनुभवावर शिक्का मारला. फ्रान्सचा थोर साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो याने पोर्तुगालचे पत्राने अभिनंदन केले.

हा कायदा समुद्रापारच्या वसाहतींना लगेच लागू झाला नाही. गोऱ्यांच्या देशातील सुधारणा काळ्यांच्या देशात पोहोचायला वेळ लागतोच. पोर्तुगीज साम्राज्यात १८६९ मध्ये गुलामगिरी संपल्याचे जाहीर झाले आणि ९ जून १८७० च्या हुकुमाने फाशीबंदी वसाहतींत, म्हणजे गोवा, दमण आणि दीवमध्येही आली. सैनिकी गुन्ह्यांसाठीची फाशी १९११ मध्ये गेली. पहिल्या महायुद्धात ती युद्धकाळापुरती परत आणली गेली आणि १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर एका पोर्तुगीज सैनिकाला गोळ्या घालण्यात आल्या. अखेर १९७६ च्या राज्यघटनेने ती समूळ संपवली. आजन्म कारावास तर त्या देशाने १८८४ मध्येच काढून टाकला. आज तेथील सर्वांत मोठी शिक्षा पंचवीस वर्षांची आहे.

फाशी नव्हती, पण गोळी होती

हे वाचून कोणी पोर्तुगीजांची आरती ओवाळू नये. फाशीचा दोर काढला म्हणून राज्य न्यायाचे होत नाही. राण्यांच्या बंडानंतर बंडवाल्यांना दूरच्या वसाहतींत हद्दपार करण्यात आले. सालाझारच्या हुकूमशाहीत स्वातंत्र्यसैनिकांना पोर्तुगालच्या किल्ल्यांतील कोठड्यांत डांबले गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक सत्याग्रही जागीच गेले. न्यायालय ज्याला मारू शकत नव्हते त्याला शिपाई मारू शकत होता.

याच्या उलट बाजूही पाहावी. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात जाऊन सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, पोर्तुगालमधील काशियासच्या तुरुंगात एकान्तवास भोगावा लागला. गोवा मुक्त झाला तरी ते आतच होते. जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. सत्तेवर शस्त्र उगारणाऱ्या चाफेकर बंधूंना इंग्रजांनी येरवड्यात फासावर चढवले. त्याच मार्गाने गेलेले रानडे सुटकेनंतर पन्नास वर्षे जगले. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने जो काल गुन्हेगार होता तो आज आपला स्वातंत्र्यसैनिक आहे. फासावर गेलेल्याला हा बदल पाहायला मिळत नाही.

एका दिवसाचे दोन कायदे

आता एक गंमत सांगतो, जिच्यात हसण्यासारखे फार नाही. ज्या १ जुलै १८६७ रोजी फाशीबंदीचा कायदा झाला, त्याच दिवशी पोर्तुगालचा नागरी कायदाही मंजूर झाला. लग्न, वारसा, मालमत्ता यांचा हा कायदा. तोही १८७० मध्ये गोव्यात लागू झाला. दोन कायदे, एकाच दिवशी जन्मलेले, एकाच वर्षी गोव्यात आलेले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जुने कायदे बदल होईपर्यंत चालू राहतील, असे १९६२ च्या कायद्याने ठरले. पुढे भारतीय दंडसंहिता गोव्यात आली आणि तिच्याबरोबर फाशीही आली. नागरी कायदा मात्र तसाच राहिला. आजही समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की सर्व पक्षांचे पुढारी गोव्याचे उदाहरण देतात. घरातील लेकीला बापाच्या मालमत्तेत वाटा देणारा तो कायदा चांगलाच आहे. पण त्याचा जुळा भाऊ कुठे गेला, असे कोणी विचारत नाही. जमिनीचा आणि घराचा कायदा आपण जपला, जिवाचा कायदा आपण टाकला.

असे एकट्या गोव्याचेच झाले नाही. दक्षिणेतील त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये राजद्रोहासारखे अपवाद ठेवून फाशी रद्द केली होती. संस्थान विलीन झाले, भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि फाशी परतली. आपला मराठवाडाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड जिल्हा त्याचा आणि लातूर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. आपल्याकडे आणि त्रावणकोरकडे भारतीय दंडसंहिता आली ती १९५१ च्या एकाच कायद्याने. स्वातंत्र्याबरोबर मतदानाचा हक्क आला, अस्पृश्यता बेकायदा ठरली, राज्यघटना आली. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेली फाशीही त्याच गाडीतून आली. ती दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तारीख पुन्हा १ जुलैच. पण या नव्या संहितेत फाशी कायम आहे.

पोर्तुगालचा कायदा मुंबईत

गोव्यातून गेलेला तो कायदा पुढे एकदा मुंबईच्या न्यायालयात अनपेक्षितपणे येऊन उभा राहिला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला. फाशी असलेल्या देशाच्या हवाली आम्ही माणूस करत नाही, अशी त्या देशाची भूमिका होती. फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी लेखी हमी भारत सरकारने दिली, तेव्हा नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या टाडा न्यायालयाने त्याच खटल्यात दोघांना फाशी सुनावली, सालेमला मात्र जन्मठेप. सरकारने दिलेली हमी पाळलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावले.

यातून काय दिसते? पोर्तुगालच्या शब्दाखातर भारत सरकार एका माणसाला फाशी न देता शिक्षा करू शकते. कायदा कोसळत नाही, आकाश फाटत नाही. जे परदेशाला दिलेल्या वचनासाठी जमते, ते आपल्याच घटनाकारांच्या इच्छेसाठी का जमू नये?

बाबासाहेब काय म्हणाले होते

घटनाकारांची इच्छा, हे शब्द आम्ही विचारपूर्वक लिहिले आहेत. पण अर्धे सांगून आपली बाजू बळकट करणे आम्हांला मान्य नाही, म्हणून सगळेच सांगतो.

नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस घटना समितीत झेड. एच. लारी या सभासदांनी सुचवले की, हिंसक राजद्रोहाचा अपवाद करून फाशी रद्द करणारे कलम मूलभूत हक्कांत घालावे. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. फाशीचे समर्थक एवढेच सांगून थांबतात.

परंतु सहा महिन्यांनी, ३ जून १९४९ रोजी, फाशीच्या शिक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क असावा की नाही यावर चर्चा चालली होती. तेव्हा बाबासाहेबांनी आपले मन उघड केले. अपिलाची सोय करण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ, असे ते म्हणाले. हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, ती येथील जुनी परंपरा आहे, लोक आचरणात कमी पडत असतील पण नैतिक आज्ञा म्हणून ते तत्त्व मानतात, तेव्हा फाशी पूर्णपणे काढून टाकणे हेच या देशाला शोभेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे ते म्हणाले तेव्हा नागपूरची दीक्षा सात वर्षे दूर होती. पण ही दिशा धम्माचीच होती, हे आज आपल्याला दिसते.

बाबासाहेब वकील होते. फौजदारी न्यायालयात पोलीस कसे पुरावे आणतात, साक्षीदार कसे फिरतात, गरिबाला वकील कसा मिळतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. भाबडेपणाने बोलणारा हा माणूस नव्हता.

दोर कोणाच्या गळ्यात पडतो

फाशीचा कायदा सर्वांना सारखा आहे. दोर मात्र सर्वांच्या गळ्यात सारखा पडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातील फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये अहवाल काढला. चारांतील सुमारे तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. जवळपास एकचतुर्थांश अनुसूचित जाती-जमातींचे होते आणि आपल्या महाराष्ट्रात तर हे प्रमाण निम्मे होते. ज्यांना चांगला वकील परवडत नाही तेच त्या कोठडीत अधिक दिसतात.

आणि चूक झाली तर? आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. २००३ मध्ये पेरूच्या बागेतील एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. अतिशय भयंकर घटना. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडले गेले. पकडायला सोपे कोण, हे वेगळे सांगायला नको. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे उघड झाले की त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसरीच माणसे ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे गेली होती. दहा वर्षांपूर्वी दोर ओढला गेला असता तर ती भरपाई कोणाच्या हातात ठेवली असती? आणि ज्या कुटुंबातील पाच जण मारले गेले, त्यांना तरी काय मिळाले? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले.

आपल्या हक्काचा अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातील एक कलम फारसे वाचले जात नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या निरपराध माणसाविरुद्ध बिगर-अनुसूचित माणसाने खोटा पुरावा रचला आणि त्यामुळे तो फासावर गेला, तर पुरावा रचणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते की या देशात आपल्या माणसाला खोट्या साक्षीने फासावर चढवले जाऊ शकते. दुसरा फास टांगून पहिल्या फासावरचा माणूस परत येत नाही. पहिलाच फास नसावा, हा सरळ उपाय आहे.

खैरलांजीने काय शिकवले

येथे वाचक म्हणतील, हे सारे ठीक आहे, पण खैरलांजीचे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ज्या क्रूरपणे मारले, त्यांच्या मारेकऱ्यांसाठीही तुम्ही हेच बोलणार का?

होय. आणि खैरलांजीच आम्हांला हे बोलायला लावते. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. ती बातमी ऐकून आमच्या मनालाही समाधान वाटले, हे लपवत नाही. त्या समाधानात निकालातील एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात उशिरा आली. हे हत्याकांड जातीय अत्याचार नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले होते. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नव्हता. फाशी मिळाली, पण जात पुसली गेली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहाही फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि अत्याचार कायदा त्यानेही लावला नाही. म्हणजे दोरही गेला आणि सत्यही नोंदले गेले नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये हे जग सोडून गेले. त्यांच्या डोळ्यांदेखत झालेल्या गुन्ह्याला न्यायालयाने त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही.

आम्ही स्वतःला विचारतो: तेव्हा आपण सर्वांनी 'फाशी द्या' ऐवजी 'अत्याचार कायदा लावा' हीच घोषणा तितक्याच मोठ्याने दिली असती तर? फाशीच्या मागणीचा धोका हा आहे. ती सगळा राग शोषून घेते. १९८० पासून फाशी फक्त दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणात द्यायची असा दंडक आहे. त्यामुळे आपल्या माणसाचा खून 'दुर्मिळ' ठरतो की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. खेड्यात जातीच्या रागातून होणारा खून दुर्मिळ नाही, हेच तर आपले दुःख आहे.

बौद्ध देशांची वाट

बौद्ध देशांतही ही वाट सरळ नव्हती. सम्राट अशोकाने फाशी रद्द केली नाही. मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, एवढे त्याने आपल्या स्तंभलेखात कोरले. श्रीलंकेत १९५६ नंतर बंडारनायके सरकारने फाशी स्थगित केली. सप्टेंबर १९५९ मध्ये एका भिक्खूनेच पंतप्रधान बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या. देश संतापला आणि त्या संतापात फाशी परत आणली गेली. पण तिथेही १९७६ नंतर कोणाला फाशी झालेली नाही. हिमालयातील चिमुकल्या भूतानने २००४ मध्ये राजाच्या फर्मानाने फाशी रद्द केली आणि २००८ च्या राज्यघटनेत तसे कलमच घातले. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी ज्या नेपाळात आहे, तिथे १९९० च्या घटनेने हेच केले. बुद्धाचा धम्म जिथे जन्मला आणि वाढला तो भारत मात्र अजून थांबलेला आहे.

त्या माउलीला उत्तर

आता त्या संध्याकाळच्या प्रश्नाकडे येतो. लेकराला मारणाऱ्याला माफ करायचे का?

नाही, आई. तसे धम्म सांगत नाही. तथागतांनी अंगुलिमालाला 'जा, तुला सोडले' असे म्हटले नाही. त्याची तलवार त्यांनी टाकायला लावली, त्याला बदलायला लावले. भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, डोके फुटले, तेव्हा हे आपल्याच कर्माचे फळ आहे, ते सोस, असे त्यांनी सांगितल्याचे पाली सुत्तात आहे. राजालाही त्यांनी अडवले नाही. राजाने स्वतःच पाहिले की ज्याला मारायला आपण आलो तो मारणारा माणूस आता उरलेला नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. गरज आहे का, एवढाच प्रश्न विचारायचा. तुरुंगात बंद असलेल्या, हातात बेड्या असलेल्या माणसाला मारण्याची गरज काय? पोर्तुगालने १८४६ नंतर साध्या गुन्ह्यासाठी कोणाला फाशी दिली नाही. गरज असती तर ती दीडशेहून अधिक वर्षांत दिसली असती. उरते ती केवळ इच्छा.

माफी नको, शिक्षा हवी. ती नक्की व्हावी, वेळेवर व्हावी आणि तिच्या निकालात जातीचे नाव स्वच्छ लिहिलेले असावे. म्हणून पुढच्या वेळी निवेदन लिहाल तेव्हा पहिली ओळ बदला, एवढीच आमची विनंती आहे. गुन्हा नोंदवताना अत्याचार कायद्याची कलमे पहिल्याच दिवशी लागली का, हे विचारा. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, हे पाहा. साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल करा, असे नियम सांगतो, त्याचा दिवस मोजा. फिर्यादी आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क आता कायद्यातच आहे, तो मागा. विशेष सरकारी वकील मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीची बैठक कधी झाली, हे लेखी विचारा. मोर्चा एका दिवसाचा असतो, खटला वर्षांचा. साक्षीच्या दिवशी न्यायालयात त्या आईच्या शेजारी बसायला आपल्यातील दहा जण गेले, तर साक्षीदार फितवणाऱ्यांची हिंमत होणार नाही.

पुढच्या रविवारी त्याच विहारात आम्ही हे सगळे सांगितले. त्या माउलीने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "फाशीचं बघू दादा. पण कोर्टात माझ्यासंगं कोण येणार, ते आधी सांगा."

त्या विहारात चार हात वर झाले. आपल्या विहारात किती होतील?

जयभीम!